ना आजी, ना माजी: टेरिटोरियलच्या एका जवानाचं मंत्रीमहोदयांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
मंत्रालय, मुंबई

विषय: तुम्ही स्टेजवरून दिलेला शब्द

सा. न. वि. वि.

साहेब, तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही आणि माझंही लिहीत नाही, कारण मला अजून पलटणीच्या कॅम्पला जायचंय. खूण सांगतो म्हणजे आठवेल. मागच्या वर्षी आमच्या तालुक्याच्या मंगल कार्यालयात आजी-माजी सैनिक मेळावा झाला, दहाची वेळ होती, तुम्ही पाऊण वाजता आलात. आमच्या रांगेला शाल, श्रीफळ आणि काचेची ट्रॉफी दिलीत. माझी पाळी आली तेव्हा विचारलंत कुठली पलटण, मी म्हणलं टेरिटोरियल आर्मी साहेब, टीए, म्हणजे एरवी नोकरी-धंदा आणि बोलावलं की वर्दी. तुम्ही मागं वळून पीएला विचारलंत, "म्हणजे होमगार्डसारखं का?" आणि माईक चालू होता. लोक हसले, मीपण हसलो, काय करणार.

पण नंतर भाषणात तुम्हीच म्हणालात की टेरिटोरियलच्या पोरांवर अन्याय होतोय, त्यांची राज्यपातळीवर एक संघटना पाहिजे, तिला सरकार मान्यता देईल, आणि येत्या अधिवेशनात मी स्वतः हा विषय मांडतो. टाळ्या पडल्या. त्यानंतर पावसाळी झालं, हिवाळी झालं, बजेट पण झालं. विषय कुठं मांडलात ते मी शोधतोय. मंगल कार्यालयाच्या बाहेर मांडला असेल तर माहीत नाही.

हे पत्र मी त्यासाठी पण लिहिलं नसतं, कारण आश्वासनाचं काय, ती आपल्याकडं उन्हाळ्यात पन्ह्यासारखी वाटतात. पण गेल्या महिन्यात माझी नोकरी गेली.

मी एमआयडीसीत सीएनसी मशीनवर होतो, नऊ वर्षं एकाच कंपनीत. कंपनीचं नाव सांगत नाही. वीस महिने एम्बॉडी होतो, म्हणजे बोलावून पूर्णवेळ फौजेत, जम्मूच्या बाजूला आरओपीची, रोड ओपनिंग पार्टीची ड्युटी, म्हणजे पहाटे चारला उठून रस्त्याच्या कडेनं चालत जायचं, पूल बघायचा, मोरी बघायची, कुठं माती नव्यानं उकरलीय का बघायचं, मग सहा-साडेसहाला गाड्या सोडायच्या. मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा मी तिथंच होतो. आणि त्याच आठवड्यात माझ्या कंपनीच्या मालकानं व्हॉट्सअ‍ॅपला तिरंगा लावून स्टेटस ठेवलं होतं, "आमचा एक वर्कर सीमेवर आहे, अभिमान वाटतो". ते मी स्क्रीनशॉट काढून ठेवलंय, का काढलं माहीत नाही, बरं वाटलं म्हणून काढलं असेल.

परत आलो, दोन दिवसांनी डबा घेऊन कामावर गेलो, तर गेटवर पंच लागेना. वॉचमन ओळखीचा, तो बिचारा माझ्याकडं बघेना. आत माझ्या मशीनवर एक पोरगा, बावीस-तेवीसचा, त्याचा काय दोष. एचआरचे साहेब म्हणाले की कंपनीला एवढ्या सुट्ट्या परवडत नाहीत. मी म्हणलं सुट्टी? मी काय महाबळेश्वरला गेलो होतो का? मोबाईलवर कायदा काढून दाखवला, टेरिटोरियल आर्मी अ‍ॅक्ट १९४८, कलम ७अ. त्यात स्पष्ट लिहिलंय की बोलावणं आलं म्हणून जो लष्करी सेवेला गेला त्याला परत आल्यावर मालकानं कामावर घ्यायचंच, आणि आधीपेक्षा वाईट अटींवर नाही. साहेबांनी चष्मा वर करून वाचलं. मग खालची ओळ वाचली आणि हसले. कारण पुढं लिहिलंय की हुकूम होऊनही मालकानं ऐकलं नाही तर दंड एक हजार रुपयांपर्यंत. ते म्हणाले, "हजार ना? आत्ता घेऊन जा, पावती पण नको."

साहेब, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. रात्री झोप लागत नाही, आणि मी चालत्या ट्रकमध्ये रायफलवर हनुवटी टेकून झोपलेला माणूस आहे. तो दंड ज्या काळात लिहिला त्या काळात हजार रुपयात माणूस जमीन घेत असेल. आज हजारात माझ्या मशीनचं एक टूल येत नाही. त्याच कायद्यात सहा महिन्यांच्या पगाराएवढी भरपाई पण आहे म्हणा, पण ती द्यायला लावणारा जो "विहित प्राधिकारी", म्हणजे सरकारनं त्यासाठी नेमलेला अधिकारी आहे त्याला शोधत मी चार ऑफिसं हिंडलो. एका टेबलवर तर मलाच विचारलं, "विहित म्हणजे नक्की कोण, तुम्हाला काय माहिती?" मी म्हणलं साहेब खुर्चीत तुम्ही बसलाय.

आता मुलीचं सांगतो. दहावीला चांगले मार्क पडले, डिप्लोमाला टाकायचं होतं. फॉर्मवर डिफेन्सचा कोटा असतो, त्यात माजी सैनिकांची मुलं एका खणात, सेवेत असलेल्यांची दुसऱ्या खणात. मी दाखला मागायला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, सध्या ड्युटीवर आहात का? म्हणलं नाही, आता डिस-एम्बॉडी, म्हणजे घरी सोडलेला आहे, पुढच्या कॅम्पला जाईन. म्हणजे सेवेत नाही. पेन्शन आहे का? नाही. म्हणजे माजी पण नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि खरंच मायेनं विचारलं, "मग तुम्ही आहात तरी कोण?" पोरगी शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही. घरी येईपर्यंत गाडीवर मागं बसून गप्प होती.

त्यांचं चुकलं नाही हे मला माहितीय. नियमच असा आहे की टीएच्या माणसाला माजी सैनिक कधी म्हणायचं, तर सलग एम्बॉडी सेवेची पेन्शन असेल तर, सेवेमुळं अपंगत्व आलं तर, नाहीतर शौर्यपदक मिळालं तर. म्हणजे एकतर पाय घालवा, नाहीतर पदक मिळवा, नाहीतर पेन्शन. आणि पेन्शनला जवानाची एम्बॉडी सेवा १५ वर्षं लागते, ऑफिसरची २०. माझी सगळी गोळाबेरीज आठ वर्षं अकरा महिने. बोलावणार तुम्ही, परत पाठवणार तुम्ही, आणि १५ वर्षं भरली नाहीत म्हणून दोष माझा? बायको म्हणते तुमचं म्हणजे रोजंदारीसारखं आहे, फक्त गवंड्याला शनिवारी हातात पैसे तरी पडतात.

म्हणून गंमत सांगतो. माझ्याकडं माजी सैनिक असल्याचा अख्ख्या जगात एकच पुरावा आहे, तुम्ही दिलेली ट्रॉफी. त्यावर "माजी सैनिक" असं छापून खाली माझं नाव, त्यात पण एक वेलांटी चुकलीय. घरपट्टीची नोटीस आली तेव्हा मला वाटलं चला, सरकारची माजी सैनिकांना मालमत्ता कर माफीची योजना आहे, बाळासाहेब ठाकरेंच्या नावाची, २०२० पासून, आणि खुद्द मंत्र्यांनीच मला माजी सैनिक लिहून दिलंय. रागातच ट्रॉफी पिशवीत घालून ग्रामपंचायतीत गेलो. क्लार्कनं इकडून तिकडून फिरवून बघितली आणि म्हणाला, "दादा, याची झेरॉक्स कशी काढायची?"

घरपट्टी भरली. उशीर झाला म्हणून दंडासकट.

आता संघटनेचं. माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याच्या ऑफिसातला एकजण तिकडच्या नॅशनल गार्डमध्ये आहे, आमच्यासारखाच, एरवी नोकरी आणि बोलावलं की वर्दी. मी भावाला फोनवर माझं रडगाणं सांगितलं तर तो म्हणाला अरे इथं या लोकांची राज्याराज्याची असोसिएशन असते. टेक्सासची विधानसभा दोन वर्षांतून एकदा भरते, १४० दिवस, आणि हे लोक आपल्या मागण्यांची यादी घेऊन तिथं राजधानीत, ऑस्टिनला हजर. देशपातळीवरची त्यांची संघटना १८७८ ची आहे. १८७८! आपल्याकडं तेव्हा टिळक कॉलेज संपवत होते. आणि १९९४ पासून त्यांच्याकडं कायदा आहे की मालकाकडं एकच कामगार असला तरी ड्युटीवरून आलेल्याला परत घ्यायचं, साधारण पाच वर्षांपर्यंतच्या सेवेला ते संरक्षण आहे. तिथं पण मालक लोक पळवाटा काढतातच, कोर्टकचेऱ्या होतातच, तिकडं काय सगळं गोड आहे असं माझं म्हणणं नाही. पण त्या माणसाला निदान माहिती असतं की कुणाचं दार वाजवायचं.

आमचं बघा. कॅम्पमध्ये किंवा एम्बॉडी असलो की आर्मी अ‍ॅक्ट लागू, युनियन-बिनियनचं नाव काढायचं नाही, ते बरोबरच आहे, पलटणीत युनियन नकोच. घरी आलो की सिव्हिलियन, मग संघटना करायला मोकळे, पण मग विचारतात कशाची संघटना, तुम्ही तर सैनिकच नाही. आम्ही सतराजणांनी मिळून अर्ज केला होता, तुमच्या भाषणाच्या भरवशावर. तीन महिन्यांनी उत्तर आलं की माजी सैनिकांच्या संघटना आधीच आहेत, त्यांच्यात सामील व्हा. त्यांच्यात गेलो तर ते म्हणाले तुम्ही माजी कुठं, सभासद करून घेता येत नाही, चहा घ्या. चहा चांगला होता.

आणि आम्ही काय चार टाळकी आहोत का हो? देशात पन्नासेक हजार टीए आहे म्हणतात. आपल्याच राज्यात पुण्याला १०१ मराठा, कोल्हापूरला टेंबलाईवर १०९ मराठा, देवळालीला पॅरा, संभाजीनगरला झाडं लावणारी इको पलटण. एका पलटणीत सातआठशे-हजार माणूस धरा, वर सुटून घरी बसलेले वेगळे, करा हिशोब, माझं गणित कच्चं आहे पण तुमच्या दोनशे अठ्ठ्याऐंशी आमदारांपेक्षा तरी जास्त भरतील. १९४९ ला तेव्हाचे गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी ही फौज सुरू केली, ६२, ६५, ७१ तिन्ही लढायांना टीए होती. २०२२ ला मणिपूरला तुपुलमध्ये रात्रीत डोंगर कोसळला आणि झोपेत असलेला अख्खा कॅम्प गाडला गेला, ती पोरं टीएचीच होती, गुरखा पलटण, रेल्वेच्या कामाला पहारा देत होती. माती ढासळताना तिनं विचारलं नाही तुम्ही एम्बॉडी का डिस-एम्बॉडी.

लोकांना टीए म्हणलं की धोनी आठवतो. कपिल देव आठवतो. चांगली गोष्ट आहे, मला पण दोघं आवडतात, पण ते ऑनररी लेफ्टनंट कर्नल आहेत हो, त्यांना घरी गेल्यावर एचआरसमोर उभं राहायला लागत नाही.

तुमच्या सहीनं काय काय होईल ते पण सांगतो, म्हणजे नुसती रड नको. टीएच्या माणसाला त्याच्या एम्बॉडी दिवसांचा एक दाखला, जो खिडकीवर चालेल. सैनिक मंडळावर आमच्यातला एक माणूस. केंद्राला एक पत्र, की तो हजाराचा दंड आता जरा बघा. आणि एमआयडीसीतल्या मालकांना एक परिपत्रक. यातल्या कशाला पैसे लागतात? कागद लागतो, आणि कागदाचा तुमच्याकडं काय तुटवडा.

पण होत नाही, आणि का होत नाही हे मला आता कळायला लागलंय. २०१६ च्या पावसाळी अधिवेशनात आमदारांचे पगार आणि पेन्शन वाढवणारं विधेयक आलं, चर्चेशिवाय पास झालं. एक टर्म केलेल्याला महिन्याला ५० हजार पेन्शन. त्यांना कुणी विचारत नाही का की पाच वर्षांतले दिवस किती बसलात, किती दिवस एम्बॉडी आणि किती दिवस गुवाहाटीला? माझा मात्र एकेक दिवस मोजला जातो, पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे पलटणीच्या नोंदीच्या कागदात, एक तारीख चुकली तर सहा महिने पगार अडकतो. आणि आता अग्निवीर आलेत, चार वर्षांनी शंभरातली पंचवीस ठेवणार, बाकीची घरी. साहेब ती पोरं येतील ना परत, तेव्हा त्यांना पण हेच विचारणार का, मग तुम्ही आहात तरी कोण? आम्ही तर आधीपासून रांगेत आहोत, त्यांनी आमच्या मागं उभं राहावं. देशभक्ती सगळ्यांना पाहिजे, स्टेटसला पाहिजे, थिएटरात पाहिजे, फक्त शेजारच्या मशीनवर नको.

जरा जास्त बोललो असेन. सुभेदार साहेब म्हणायचे तुझं तोंड तुला नाईकच्या हुद्द्याच्या वर जाऊ देणार नाही, तसंच झालं.

पुढच्या कॅम्पचं पत्र आलंय. जाणार आहे. बायको म्हणाली आता नोकरीच नाही, कशाला जाताय, निदान दुसरं काम शोधा. तिला म्हणलं दोन महिने रेशन-पगार तरी मिळेल. ते खरं कारण नाही हे तिलाही माहितीय, तिनं परवा बूट उन्हात ठेवलेत आणि पेटीवरचं नाव पांढऱ्या रंगानं पुन्हा गिरवलंय. वेलांटी बरोबर आहे.

तुमचं उत्तर आलंच तर घरच्या पत्त्यावर पाठवा, पत्ता तुमच्या ऑफिसात अर्जावर आहे, आवक नंबर पडलाय. मी नसलो तर मुलगी सही करून घेईल.

कळावे,
आपला,
एक नाईक, टेरिटोरियल आर्मी
(सध्या डिस-एम्बॉडी)

ता. क. परवा कंपनीच्या मालकानं प्रजासत्ताक दिनाचं जुनं स्टेटस परत टाकलंय, त्यात माझा वर्दीतला फोटो आहे. तो तेवढा काढायला सांगा.