रविवारच्या खोदाईबद्दल सूचना

यॉर्कशायर ग्रुपमधले सगळे लक्ष द्या. रविवारी जुन्या बाटल्या शोधायला जुन्या उकिरड्यावर खणायचंय, शेतमालकाने परवानगी दिलीय पण फक्त आखलेल्या पट्ट्यातच. प्लीज बोगद्यासारखं आडवं खणत आत जाऊ नका, तिथे टाकलेली व्हिक्टोरियन काळातली (राणी व्हिक्टोरियाच्या, १९व्या शतकातली) कोळशाची राख फार भुसभुशीत असते, वरचा थर कधी अंगावर येईल सांगता येत नाही, आणि एकट्याने खड्ड्यात उतरायचंच नाही. जाड ग्लोव्ह्ज मस्ट, धनुर्वाताचं इंजेक्शन बघून घ्या. चिनीमातीची जिंजर बिअरची बाटली किंवा कॉडची (हायरम कॉड या इंग्रजाची), म्हणजे आपली गोटी सोड्याचीच हो, त्याचं १८७२ चं पेटंट, दिसली की फावडं ठेवून हाताने माती काढा, गोटीसाठी पोरांनी तेव्हाच इतक्या फोडल्यात की अख्खी मिळणं नशीबच. निघताना खड्डे बुजवा, काचा उचला, तिथे मेंढ्या चरतात.