वापरलेल्या ड्रेडनॉट गिटारच्या अपुऱ्या तपासणीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष गिटार परत घेऊन संपूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीकडून १२ जुलै रोजी मी एक वापरलेली ड्रेडनॉट (मोठ्या, रुंद बॉडीची) गिटार १८,५०० रुपयांना ऑनलाइन विकत घेतली. सोबतच्या तपासणी अहवालात ती ‘उत्तम स्थितीत, लगेच वाजवण्याजोगी’ असल्याचे नमूद आहे. पॉलिश आणि खुंट्यांबद्दल त्यात लिहिलेले खरे आहे. टॉपही (बॉडीची पुढची फळी) सांगितल्याप्रमाणे सॉलिड स्प्रूसचा, म्हणजे प्लायवूडचा नसून अखंड लाकडाचा आहे. साउंडहोलच्या (टॉपमधल्या गोल छिद्राच्या) कडेवर लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत अखंड उतरलेल्या दिसतात. परंतु जुनी ॲकूस्टिक गिटार घ्यावी की नाही हे ज्यावर ठरते, त्या नेकच्या (गिटारच्या लांब दांड्याच्या) बॉडीशी असलेल्या कोनाविषयी अहवालात एक अक्षरही नाही.

गिटार आली त्याच संध्याकाळी, तीन वर्षे नियमित शिकणाऱ्या माझ्या मुलीला पाचव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) पुढे बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सर्व तारा दाबून वाजवायचे सूर, स्वच्छ वाजवता येईना, म्हणून मी मोजमाप घेतले. बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेची उंची ३.५ मिमी भरली, ती २.५ मिमीच्या आसपास असायला हवी. फ्रेटांवर स्टीलची सरळ पट्टी ठेवून ब्रिजकडे (टॉपवर तारा जिथे अडकवतात त्या लाकडी तुकड्याकडे) सरकवली, तेव्हा तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला येण्याऐवजी ४ मिमी खाली, त्याच्या कडेवर अडले; म्हणजे नेक पुढे झुकली आहे. सॅडल (ब्रिजमध्ये बसवलेला, तारा उचलून धरणारा तुकडा) ब्रिजच्या वर जेमतेम २ मिमी उरले आहे. तारा सैल करून ते बाहेर काढले असता तळाशी कानशीचे तिरपे ओरखडे स्पष्ट दिसले. म्हणजे हा दोष जुना आहे आणि तो झाकण्यासाठी सॅडल आधीच घासून झालेले आहे.

आपल्या प्रतिनिधीने पावसाळ्यातील दमटपणाचे कारण दिले आणि ट्रस रॉड (नेकच्या आतली, फिरवून कमी-जास्त करता येणारी धातूची सळई) फिरवून घेण्यास सुचवले. दमट हवेत टॉप फुगतो व तारा थोड्या वर येतात हे मला मान्य आहे. पण पावसाळा सॅडलवर कानस चालवत नाही. ट्रस रॉडने नेकचा बाक कमी-जास्त होतो, नेक बॉडीला जिथे जोडली आहे तिथला कोन बदलत नाही. बाराव्या फ्रेटवरची उंची १ मिमीने कमी करायची, तर सॅडल सुमारे २ मिमी घासावे लागते, आणि इथे तेवढेच शिल्लक आहे. उपाय एकच : नेक सोडवून नव्या कोनात बसवणे. या कामाचा मला सांगितलेला खर्च गिटारच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आहे.

मी वाद्य हाताळून न पाहता केवळ आपल्या अहवालावर विसंबून पैसे भरले. दुकानात गेले असते, तर पट्टी ठेवून पाहायला मला दोन मिनिटे लागली असती. तीच दोन मिनिटे आपल्या तपासनिसाने दिलेली नाहीत.

तरी आपण स्वखर्चाने गिटार परत न्यावी, १८,५०० रुपये पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत, आणि दोष नोंदवल्याशिवाय हीच गिटार पुन्हा विक्रीस ठेवू नये. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

सोबत : पावती, तपासणी अहवाल, पट्टी व सॅडलची छायाचित्रे.

आपली,
एक ग्राहक, पुणे