6204 वाल्या काकांना

प्रिय काका,

तुम्ही लेकाकडचा मुक्काम आटोपून न्यू जर्सीहून चिंचवडला परतलात आणि आभार मानायचे राहूनच गेले. तोंडावर मानले असते तर तुम्ही विषयच बदलला असतात, म्हणून चारचौघांत लिहितोय.

माझी 2002 ची जर्मन टू-सीटर. ऑइल बदलताना तुम्ही कागदी फिल्टर सुरीने कापलात, घड्या उलगडल्यात आणि काकूंच्या फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यावरून फिरवलंत. चकचकीत कण पटापट चिकटले. "ॲल्युमिनियम असतं तर चिकटलं नसतं. हे पोलाद आहे. आता किल्ली लावायची नाही."

मी म्हणालो, गाडी विकून टाकतो. तुम्ही एवढंच विचारलंत, "घेणाऱ्याला सांगणार आहेस का?"

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे आज कबूल करतो.

ही गाडी तुम्ही आधी पाहिलीही नव्हती, पण चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढलेली. इंटरमीडिएट शाफ्टच्या (क्रँककडून फिरणारा आणि व्हॉल्व्हच्या चेन फिरवणारा इंजिनातला दांडा) टोकाला बेअरिंग असतं, ते दोन्ही बाजूंनी सीलबंद. गरम ऑइल सीलमधून आत झिरपतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि तेच सील ताजं ऑइल मात्र पुरेसं आत खेळू देत नाही. बेअरिंग फुटलं की शाफ्ट डगमगतो, चेनचं टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, इंजिन भंगारात. हे सगळं तुम्ही चहाची बशी आणि दोन बिस्किटं घेऊन समजावलंत. माप ऐकल्यावर मात्र हसत सुटलात: 20 बाय 47 बाय 14 मिलिमीटर. "अरे, हे तर 6204 नंबरचं बेअरिंग! आपल्याकडे पाण्याच्या पंपात असतं!"

गाडी टो करून वर्कशॉपला नेली. गिअरबॉक्स उतरवला, क्लच, फ्लायव्हील निघालं. तुम्ही थंडीत कानटोपी घालून दिवसभर उभे. सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उघडून बघा, हा आग्रह तुमचाच. आत थोडेच कण होते, वेळेत सापडलं. नवं बेअरिंग सिरॅमिक गोळ्यांचं, इंजिनकडचं सील काढलेलं. गिअरबॉक्स खाली आहेच तर क्रँकचं मागचं ऑइल सीलही बदलून घ्या, हेही तुम्हीच सुचवलंत. बिलाचा आकडा बायकोला अजून पूर्ण सांगितलेला नाही.

जुनं बेअरिंग तुम्ही बोटांत फिरवून माझ्या कानाशी धरलंत. खरखर. ते आता तुमच्या टेबलावर असेल.

परवा पुन्हा ऑइल बदललं, फिल्टर कापला. गणपती कोरडाच निघाला, काका. फोटो लेकाकडून पाठवतोय.

तुमचा,
शेजारच्या गॅरेजवाला