आईच्या गुडघ्याचं बिल आणि कापलेले ८५,८०० रुपये

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या बिलाचे सगळे फोटो पाहिले. विमा कंपनीने कापले म्हणून डिस्चार्जच्या वेळी आपण भरलेले ८५,८०० रुपये गेलेच, असं धरून बसू नका. त्यातले ३२,००० सरळसरळ चुकीने कापलेत. आणखीही काही सुटू शकतील.

गोम खोलीभाड्यात आहे. पॉलिसी ४ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ४,०००. आईची खोली होती ६,००० ची. आपला हिशोब असा की वरचे दोन हजार आपण भरू, चार दिवसांचे ८,०००, संपला विषय. पण मर्यादेवरची खोली घेतली की खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापतात. सहातले चार, म्हणजे दोन तृतीयांशच मिळतात. म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञांच्या ९०,००० मधून ३०,००० गेले आणि ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) ३६,००० मधून १२,०००. पॉलिसीत हे कलम आहे, इथवर कंपनीचं म्हणणं ठीक.

पण हीच कात्री त्यांनी इम्प्लांट म्हणजे बसवलेला कृत्रिम सांधा (६०,०००), औषधं आणि कन्झ्युमेबल्स म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू (२७,०००) आणि तपासण्यांवर (९,०००) चालवली आहे. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या नियमांप्रमाणे या तिन्हींवर अशी प्रमाणात कपात करता येत नाही, आयसीयूच्या चार्जेसवरही नाही. कारण साधं आहे: सांध्याची किंमत खोली बघून ठरत नाही. ९६,००० चा तिसरा हिस्सा, ३२,०००, तो हाच.

आता सर्जन-ओटीचे ४२,०००. बिलिंग काउंटरवर एवढंच विचारा की हे दर खोलीप्रमाणे बदलतात का. काही हॉस्पिटलांत जनरल वॉर्ड असो की सिंगल रूम, दर एकच असतो. तसं असेल तर हीही कपात चालत नाही. मात्र तोंडी उत्तरावर उठू नका. लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, नाहीतर दरपत्रकाची प्रत मागा. खोलीचे ८,००० आपलेच. उरलेले ३,८०० टॉयलेटरी, सोबत्याचं जेवण वगैरेंचे. ते ‘नॉन-पेएबल’ म्हणजे विम्यातून न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीतच येतात, त्यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

अर्ज टीपीएला नको, थेट विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने करा. टीपीए म्हणजे कंपनीसाठी क्लेमचे कागद हाताळणारी मधली संस्था, निर्णय कंपनीचा. सोबत फायनल अप्रूव्हलचं पत्र, ब्रेकअप असलेलं बिल आणि इम्प्लांटचा स्टिकर जोडा. नुसतं ‘अन्याय झाला’ लिहू नका. कोणत्या बाबीत किती कापले आणि किती कापायला हवे होते, हे आकडे शेजारी-शेजारी मांडा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. फी नाही, वकीलही लागत नाही. फक्त कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायला हवं, म्हणून त्यांचं पत्र तारखेसकट जपा.

दुसरं काम आईचं. तुझ्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्चही मिळतो: औषधं, ड्रेसिंग, तपासण्या. फिजिओथेरपीचंही पॉलिसीत बघून घे. हे क्लेम अडतात ते कागदांपायी. मेडिकलवाला घाईत बिलावर बाबांचं नाव टाकतो, मग ते बिल बाद. प्रत्येक औषधाला चिठ्ठी हवी. फिजिओसाठी डॉक्टरांनी किती सिटिंग्ज ते लिहून दिलेलं असावं आणि पावतीवर तारखा असाव्यात. मेडिकलच्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई काही महिन्यांत उडते, त्यामुळे बिल हातात आलं की आधी फोटो काढ. भरतीच्या आधीच्या ३० दिवसांचे एक्स-रे आणि रक्ततपासण्याही यातच टाक. हे सगळं ६० दिवस संपल्यावर एकदम पाठवायचं, पण लगेच. बऱ्याच पॉलिसींत त्यासाठी १५ दिवसच असतात.

बाबा, डिस्चार्ज समरी आत्ताच वाचा. नाव आधारवरच्यासारखं आहे का, गुडघा उजवाच लिहिलाय का, बीपी ‘किती वर्षांपासून’ यापुढचा आकडा खरा आहे का. चूक असेल तर डॉक्टरांकडून सहीनिशी दुरुस्त करून घ्या, स्वतः पेन लावू नका. बीपीच्या आकड्याने घाबरूनही जाऊ नका. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती लपवली म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. तुमची तर नवव्या वर्षात आहे.

अॅडमिशनला भरलेलं डिपॉझिट फायनल बिलात वळतं झालंय का, तेही बघा. त्या फोटोत मला ती ओळ दिसली नाही. नसेल वळतं केलं, तर मूळ पावती दाखवून परत मागा. मूळ कागद कुठेही देण्याआधी दोन झेरॉक्स काढा आणि पोच घ्या.

डाव्या गुडघ्याची वेळ आली तर ४,००० च्या आतली खोली आधीच लेखी मागू. तोवर आई, जिना नको.

तुमची लेक