उद्याच्या पाळीसाठी लिहून ठेव

साखळी, गोवा

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

प्रोग्रामिंगचं काम आवडतं, पण हल्ली कामाला बसवत नाही, असं तू चवथीला म्हणालीस. त्यावर मामा म्हणाला, "मनावर घेतलं की सगळं होतं." घरात पाहुणे होते, माटोळीखाली आरतीची तयारी चालली होती, म्हणून तो विषय तिथेच राहिला. पण मामाचं म्हणणं मला पटलेलं नाही. मनावर घेऊन माणूस चार दिवस काम करतो. पाचव्या दिवशी मन वेगळंच काही सांगतं, आणि मग तो स्वतःला आळशी म्हणू लागतो. तू आळशी नाहीस. तुझा दिवस सुरू होतो कसा आणि संपतो कसा, गडबड तिथे आहे असं मला वाटतं. म्हणून सविस्तर लिहितो.

विजेच्या उपकेंद्रातली माझी सगळी नोकरी तीन पाळ्यांत गेली, हे तू लहानपणापासून बघितलंस. पण तिथलं काम कशाच्या आधारावर चालायचं, ते तुला कधी नीट सांगितलं नसेन. ते चालायचं नोंदवहीवर. ३३/११ केव्हीचं, म्हणजे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजारांवर उतरवणारं उपकेंद्र. तिथे दर तासाला व्होल्टेज, प्रत्येक फीडरचा, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक लाइनचा करंट, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान लिहायचं. ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा घेतो त्या ब्रीदरमधली सिलिका जेल निळी आहे की ओल धरून गुलाबी पडू लागली आहे, ते बघायचं. हे रोजचं. खरी महत्त्वाची नोंद पाळी बदलताना व्हायची. जाणारा ऑपरेटर लिहायचा, येणारा वाचायचा, दोघं मिळून यार्डात एक फेरी मारायचे, येणारा सही करायचा आणि मगच जाणारा घरी जायचा. याला आम्ही चार्ज देणं-घेणं म्हणायचो. जुलैतल्या एखाद्या रात्रीची नोंद साधारण अशी असायची:

"२.१० वा. फीडर अर्थ फॉल्टवर ट्रिप. एकदा चार्ज करून पाहिला, टिकला नाही. मधला स्विच उघडून अलीकडचा भाग चालू केला, तो टिकला. पलीकडचा भाग बंद. लाइनमन गस्तीवर. उजाडल्यावर आधी नदीकाठचे खांब बघणे, तिथे झाडं वाकलेली आहेत."

म्हणजे वीज जमिनीत उतरत होती म्हणून लाइन आपोआप बंद पडली. लाइन चार्ज करणं म्हणजे तिच्यात पुन्हा वीज सोडणं. त्या नोंदीतलं शेवटचं वाक्य वाच. सकाळी सहाला येणारा माणूस झोपेतून उठून, पावसात भिजून आलेला असायचा. त्याला उत्साह आहे का, हे कोणी विचारत नव्हतं, आणि विचारायची गरजही नव्हती. काय झालं, काय करून बघितलं, पहिलं पाऊल कुठे टाकायचं, हे सगळं वहीत असायचं. तो वाचायचा आणि कामाला लागायचा. कामात शिरल्यावर हुरूप आपोआप यायचा. आधी हुरूप आणि मग काम, असा क्रम मी त्या खोलीत फारसा पाहिला नाही.

आता तुझं काम बघ. तुझ्या पाळीला दुसरा माणूस नाही. काल संध्याकाळची तू आणि आज सकाळची तू, याच दोन पाळ्या. दिवसभर तू डोक्यात केवढा पसारा उभा करतेस! कोणतं फंक्शन कुणाला हाक मारतं, कोणत्या ठिकाणी तू काहीतरी गृहीत धरलं आहेस, कोणती शंका तपासायची राहिली आहे. संध्याकाळी क्लायंटचा कॉल येतो, कॉल संपता संपता लॅपटॉप मिटतेस, आणि तो सगळा पसारा रात्रीत विरून जातो. सकाळी तो पहिल्यापासून उभा करायचा. तो तास जड जातो, म्हणून हात फोनकडे जातो, मग अकरा वाजतात आणि तू स्वतःवर चिडतेस. हे चार्ज न घेता पाळीवर बसणं आहे, बाय. असं कोणालाही जमणार नाही.

म्हणून संध्याकाळची शेवटची दहा मिनिटं नोंदीसाठी ठेव. कॉल असला तर कॉलच्या आधी. वहीत लिही किंवा साध्या फाइलीत लिही, पण पूर्ण वाक्यांत लिही. चवथीला तू मला ज्या बिघाडाबद्दल सांगत होतीस, त्याची नोंद अशी झाली असती: "पेमेंटची चाचणी तिसऱ्या पायरीला पडते. टोकनची मुदत संपलेली असावी असं वाटतं, खात्री नाही. कॅशे रिकामी करून पाहिली, फरक नाही. उद्या सर्वांत आधी दोन्ही सर्व्हरच्या घड्याळांची वेळ ताडून बघणे." शेवटची ओळ इतकी बारीक असू दे की अर्धवट झोपेतही ती करता यावी. "पेमेंटचं काम पुढे नेणे" असं लिहिलंस तर सकाळी त्याचा काही उपयोग नाही. "अमुक फाइल उघडून अमुक किंमत छापून बघणे" हे लिहिलंस तर उपयोग आहे. तुमच्यातले काही जण मुद्दाम एक नापास होणारी चाचणी लिहून ठेवून घरी जातात, असं तूच सांगितलं होतंस. ती चाचणी म्हणजेच ही शेवटची ओळ. मला ती पद्धत फार आवडली.

ही फक्त माझ्यासारख्या वीजखात्यातल्या माणसाची सवय आहे असं समजू नकोस. तुमच्या शास्त्रातले डोनाल्ड नूथ, ज्यांना तुम्ही लोक गुरुस्थानी मानता, त्यांनी टेक हा मजकूर जुळवण्याचा प्रोग्राम लिहिला. १९७८ मध्ये त्यातल्या चुका पहिल्यांदा काढायला बसले तेव्हापासून प्रत्येक चुकीची नोंद त्यांनी ठेवली. दहा वर्षांत ८५० हून जास्त नोंदी झाल्या. त्या त्यांनी १५ प्रकारांत लावल्या आणि १९८९ मध्ये सगळी नोंदवही जशीच्या तशी छापून प्रसिद्ध केली. एवढ्या मोठ्या माणसाला आपल्या चुकांची वही जगासमोर ठेवावीशी वाटली, कारण त्या चुकांतूनच त्यांना आपल्या कामाचा स्वभाव कळत होता. तुझ्या वहीत महिनाभरात ज्या नोंदी होतील, त्या पुन्हा वाच. कुठल्या प्रकारचं काम तुला सारखं अडवतं, ते तुलाच दिसेल.

आता अडकण्याबद्दल. तुझा बहुतेक कंटाळा अडकल्यातून येतो, असा माझा अंदाज आहे. बिघाड सापडत नाही, दिवस संपतो, आणि आज काहीच झालं नाही असं वाटत राहतं. गिट, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारा तुमचा प्रोग्राम, त्यातलं बिघाड शोधायचं बायसेक्ट तू मला समजावून सांगितलंस तेव्हा मला इतका आनंद का झाला होता, ते सांगतो. मधला स्विच उघडायचा, अर्धी लाइन चार्ज करायची. टिकली तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, नाही टिकली तर अलीकडच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. आमचे लाइनमन पावसात, बॅटरीच्या उजेडात हेच करायचे. तुमच्याकडे हजार कमिट, म्हणजे नोंदवलेले बदल, असले तरी साधारण दहा तपासण्यांत नेमका बिघडलेला कमिट हाती लागतो. यातली खरी गंमत अशी की प्रत्येक तपासणीनंतर, उत्तर काहीही आलं तरी, बिघाडाची जागा निम्मी होते. "अजून सापडला नाही" या वाक्याच्या जागी "एवढा भाग सुटला" हे वाक्य येतं, आणि दुसऱ्या वाक्यावर माणूस रात्रभर काम करू शकतो. म्हणून अडकलीस की अंदाजाने इकडेतिकडे बदल करत बसू नकोस. अर्धं कर, लिही, पुन्हा अर्धं कर. कमिटचे संदेशही जरा नीट लिहीत जा. नुसतं "फिक्स" लिहिलं तर सहा महिन्यांनी ते वाचणाऱ्याला, म्हणजे बहुधा तुलाच, काहीही कळणार नाही.

मशीन आता कोड लिहितं, मग माझा उपयोग काय, असंही तू म्हणालीस. हा प्रश्न मी हलका धरत नाही. आमच्याकडे बिघाड ओळखून लाइन बंद पाडणारे जुने रिले गेले आणि नवे आले. जुन्या रिलेचं एक निशाण खाली पडायचं, बाकीचं आपण शोधायचं. नवे रिले बिघाडाच्या क्षणीचा करंट आणि मिलिसेकंदापर्यंतची वेळ नोंदवून ठेवतात. काम सोपं झालं, यात वाद नाही. पण कुठल्या वाड्यावरची फणसाची फांदी कुठल्या खांबावर टेकली आहे, हे सांगायला लाइन चालून बघितलेला माणूसच लागला. मशीनने लिहिलेला कोड वाचून तू जास्त थकतेस, कारण त्यामागचं चित्र तू स्वतः उभं केलेलं नसतं. म्हणून मशीनला सांगण्याआधी दोन ओळी तुझ्या शब्दांत लिही: हे काय करायला हवं, आणि ते बरोबर झालं हे मी कशावरून ओळखीन. मग त्याने दिलेलं उत्तर तुझ्या मापाने तपासता येईल आणि काम तुझं राहील.

दोन तास अखंड मिळत नाहीत, ही तुझी तक्रार अगदी रास्त आहे. लाइनवर माणूस चढणार असेल तर आम्ही लाइन क्लिअर द्यायचो. ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा स्विच, उघडून वीज तोडायची, लाइन अर्थ करायची म्हणजे जमिनीला जोडायची, हँडलला "माणसे काम करीत आहेत" अशी पाटी लावायची आणि परमिटच्या वहीत लिहायचं. ते परमिट परत येईपर्यंत तो ब्रेकर कोणीही चालू करायचा नाही, मग वरच्या साहेबाचा फोन आला तरी. तुझ्या कामात कोणाचा जीव जात नाही, हे मला कळतं. पण अर्धवट तपासलेल्या कोडमुळे लोकांचे पैसे अडकतात, आणि तू पैशांच्याच व्यवहाराचं काम करतेस. तेव्हा सकाळचे दोन तास मागून घे. पाव विकणारा पोदेर येऊन गेल्यावर दहाच्या मीटिंगपर्यंत पर्वरीत तुझ्या खोलीवर शांतता असते. तेवढा वेळ चॅट बंद ठेवणार असं टीमला लिहून कळव. तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही. नूथसाहेबांनी तर १ जानेवारी १९९० पासून ईमेल वापरणंच सोडलं. तुला नोकरीत ते करता येणार नाही, पण दोन तास मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. पंचवीस मिनिटांचा गजर लावून काम करायची पद्धत तू वापरतेस, ती किरकोळ कामांना चांगली. बिघाड शोधताना मात्र तो गजर बाजूला ठेव, नेमका धागा हाती येतो आणि तो वाजतो.

रात्रीच्या ऑन-कॉलबद्दल, म्हणजे बिघाड झाला की उठून बघायच्या पाळीबद्दल, एकच सांगतो. रात्रपाळीनंतर आम्हाला विश्रांती मिळायची ती मेहेरबानी म्हणून नव्हे. झोप न झालेला माणूस चुकीच्या ब्रेकरला हात घालतो, म्हणून ती मिळायची. रात्री तीनला अलार्म वाजून उठलीस तर सकाळी उशिरा येईन, हे तुझ्या लीडशी आधीच ठरवून घे. आणि रात्री केलेल्या दुरुस्तीची नोंद रात्रीच कर, चार ओळी का होईनात.

तुझ्याबरोबरचे पुढे गेले, कोणी परदेशी गेलं, कोणी स्वतःचं काहीतरी सुरू केलं, याचं तुला ओझं होतं, ते मला दिसतं. लिनस टोरवाल्ड्सनी गिट दहा दिवसांत लिहिलं, हे तू मोठ्या कौतुकाने सांगतेस. ते २००५ साली. पण लिनक्स या संगणकप्रणालीचं काम त्यांनी १९९१ मध्ये सुरू केलं होतं. चौदा वर्षं जगभरातून आलेले बदल तपासत, जोडत बसल्यावर आपल्याला नेमकं काय हवं हे त्यांना स्वच्छ कळलेलं होतं. त्यामुळे ते दिवस मोजताना आधीची वर्षंही मोजायला हवीत. आणि मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. त्याच वर्षी जुलैत त्यांनी गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली, आणि तेव्हापासून ते काम हमानोच सांभाळत आले आहेत. हमानोंचं नाव फारसं कोणाला माहीत नाही. पण रोज येणारे बदल वाचणं, परत पाठवणं, पुन्हा वाचणं, यावर जगभरचे प्रोग्रामर विसंबून आहेत. अशा कामाला मी फार मानतो, आणि तुझ्यात ते करण्याची चिकाटी आहे. लहानपणी तू रांगोळीचा एक ठिपका चुकला तर सगळी पुसून परत मांडायचीस.

राहिला प्रश्न नोकरी बदलण्याचा. आईचं मत बदल असं आहे, मामाचं नको असं. मला आज दोन्ही सांगता येत नाही, आणि थकलेल्या अवस्थेत तूही ठरवू नकोस. दिवाळीपर्यंत रोज नोंद कर. रोजच्या नोंदीखाली एक ओळ जास्त लिही, आजच्या कामातलं काय आवडलं आणि वेळ कशात गेला. मग वाचून बघ. काम आवडल्याच्या नोंदी असतील आणि वेळ मीटिंगांत गेला असेल, तर प्रश्न वेळेचा आहे, तो तिथेच बसून सोडवता येईल. कामातलंच काही आवडल्याची एकही ओळ पानोपानी सापडली नाही, तर दुसरीकडे अर्ज कर, मी आनंदाने तुझ्या पाठीशी उभा राहीन. पैशांची काळजी करू नकोस, घर आहे.

पुठ्ठ्याची एक जाड वही घेऊन ठेवली आहे. भाऊ गुरुवारी पर्वरीला येतोय, त्याच्याकडे देतो. आई सोबत सोलं देणार आहे. दिवाळीला येताना वही घेऊन ये, आपण दोघं बसून वाचू.

तुझे,
बाबा