तुझ्या 'गाठी'

खानापूर,
गणपती झाल्यावर

सद्या,

तीन महिने पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील. घाल की. इकडे सगळे बरे, आईचा गुडघा आहे तसाच.

स्पेनहून डबा पोचला. वर चिठ्ठी: 'ओकवरच्या गाठी'! शाळेत असल्याच दाण्यांच्या चित्रावरून तू 'गाठ' म्हणून भांडलास, मी 'बी' म्हणून, दोघेही गाढव. ती केर्मेस नावाच्या खवलेकिडीची मादी. ग्रीकही तिला फळच समजले, तेवढीच आपली लाज राखली. आपण ज्याला किरमिजी म्हणतो तो रंग हिचाच.

पंचाईत अशी की 40 ग्रॅममधले 18 ग्रॅम पोकळ. नखाने फोडले तर आत कोरडी भुकटी. जुलैत खुडलेस ना? तोवर पिल्ले निघून जातात, उरते टरफल. रंग अंड्यांनी भरलेल्या मादीत. मे संपायच्या आत खुडायचे, व्हिनेगर शिंपडून मारायचे, सावलीत वाळवायचे. दोन तर खरोखरच गाठी होत्या! कीड फांदीवरून अख्खी सुटते, मागे पांढरा मेणचट डाग राहतो. गाठ म्हणजे झाडाचेच अंग, सालीसकट निघते.

वडगावच्या काकांना काठासाठी 40 ग्रॅम रेशीम रंगवायचेय. केर्मेसचा रंग मंद, सुताइतका तरी माल लागतोच. म्हणजे निम्माच काठ. निवडुंगावरची कोचिनील कीड असती तर दहावा हिस्सा पुरला असता. काका म्हणतात, उरलेले लाखेच्या किड्याच्या रंगात रंगवू. अरे, लाख जांभळ्याकडे झुकते, जोड डोळ्यात खुपेल! ऐकतात कुठे?

तूर्त 20 ग्रॅम रेशमाचेच ठरवलेय. 3 ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात रेशीम रात्रभर. दाणे खलात कुटून, पोटलीत बांधून भिजवायचे, मग हळूहळू तापवून तासभर. उकळी आली की रेशमाची चमक गेली. पाणी पागोळ्यांचेच. बोअरच्या पाण्यातले लोह लाल रंग मळकट करते. भांडे स्टीलचे.

घर बदललेस म्हणे? वहिनींना नमस्कार, चिंगीचा निकाल कळव.

मे महिन्यात 30 ग्रॅम पाठव, भरलेले. आणि चिठ्ठीवर 'गाठी' लिहू नकोस.

तुझा,
बाळ्या