दक्षिण गोव्यातल्या बाणावलीच्या मनोऱ्यावरच्या लाइफगार्ड दादांना

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव न घालता हे पत्र लिहीत आहोत, पण तुम्ही ओळखालच. रिसॉर्टच्या मागच्या फाटकातून वाळूवर उतरलं की जो मनोरा दिसतो, तिथे सकाळच्या पाळीला तुम्ही असता. तेरा ते सतरा वर्षांची आमची मुलं तुमच्यापाशी आली, तेव्हा आम्हा आईबापांकडे बघून "मुलांना सांभाळा हो" एवढं म्हणून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही मुलांशीच बोललात. ओल्या वाळूत काठीने चित्र काढलंत, समोरचं पाणी दाखवलंत आणि सगळं त्यांच्या तोंडून परत वदवून घेतलंत. सुट्टीतला जो आनंद कुठल्याच माहितीपत्रकात छापलेला नसतो, तो आम्हाला त्यामुळे मिळाला. म्हणून हे जाहीर आभार.

समुद्रकाठचं रिसॉर्ट म्हणजे लहान पोरांची सोय, असा बहुतेकांचा समज असतो. उथळ तलाव, घसरगुंडी, खेळघर. पंधरा वर्षांचं मूल तिथे कंटाळणार आणि मोबाइल घेऊन खोलीत बसणार, हे गृहीतच धरलेलं. आमचं मत उलट आहे. पाच वर्षांच्या मुलाला समुद्र फक्त दाखवता येतो, पंधरा वर्षांच्या मुलाला तो शिकवता येतो. आणि एकदा मुलांना पाणी वाचता यायला लागलं की त्यांच्यामागे धावण्याची गरज उरत नाही.

सगळ्यात आधी तुम्ही ओढीचा प्रवाह शिकवलात. लाटा ओळीने फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गडद दिसतो आणि नवख्याला वाटतं, हीच पोहायची जागा. खरं तर किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जात असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. फेस आणि ढवळलेली वाळू आत जाताना दिसली की ओळख पक्की. ओहोटी लागली असेल तर ही ओढ आणखी जोर धरते. सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने हातपाय मारायचे नाहीत, कारण बुडणारा माणूस बहुतेकदा दमून बुडतो. आधी तरंगायचं, एक हात वर करून हलवायचा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग फुटणाऱ्या लाटांबरोबर परत यायचं. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधलं पाणी पोहायचं, नुसता लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पाण्याखालची वाळू सरकते तसे झेंडेही हलवावे लागतात, म्हणून कालची जागा आज चालेलच असं नाही, हे मुलांना तुमच्याकडून कळलं. तेव्हापासून पाण्यात शिरण्याआधी पाच मिनिटं उभं राहून बघायची सवय लागली आहे. एरवी आमच्या सांगण्याने ती लागली नसती.

दुसरा धडा फळीचा, म्हणजे बॉडीबोर्डचा. फळी उभी धरल्यावर बेंबीपर्यंत यावी. त्याहून मोठी वळत नाही, लहान तरंगवत नाही. दोरीचा पट्टा दंडाला किंवा मनगटाला बांधायचा. पाणी कमरेपर्यंतच. लाट दोन-तीन मीटर मागे असतानाच पाय मारायला सुरुवात करायची, अंगावर येऊन फुटल्यावर उपयोग नाही. फळीचं टोक पाण्यात घुसत असेल तर वजन पुढे पडलंय, चार बोटं मागे सरकायचं. लाट निघून जाते आणि फळी जागीच राहते, तेव्हा वजन मागे असतं, पुढे सरकायचं. इतकी साधी दुरुस्ती आहे, पण ती सांगणारा भेटला नाही तर मूल दोन दिवस आपटत राहतं आणि तिसऱ्या दिवशी फळी टाकून देतं. तुमची ताकीद मात्र आम्ही इथे मुद्दाम लिहितो: पूर्ण भरतीला लाट थेट काठाच्या उतारावर फुटत असेल तेव्हा फळी घ्यायची नाही. तिथे बुडण्याची भीती कमी, मान आणि खांदा दुखावण्याची जास्त. लाटेत डोकं पुढे करून सूर तर कधीच मारायचा नाही.

आता तिथीविषयी, कारण सगळ्या घराला सर्वांत जास्त मजा तिच्यामुळे आली. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा तुम्ही मुलांना दिलात: तिथीच्या आकड्याला ३/४ ने गुणा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज सगळं सुमारे पाऊण तास पुढे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून नेमकी वेळ हवी असेल तर मुरगावचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचं. पण कालनिर्णय बघून वेळ काढायची आणि मग पाण्यावर जाऊन ती पडताळायची, यात दहावीतल्या मुलांना जो रस वाटतो, तो कुठल्याही ॲपमध्ये वाटत नाही. न्याहारीच्या टेबलावर "आज ओहोटी किती वाजता?" हा प्रश्न मुलंच विचारतात आणि उत्तरही तीच देतात.

या हिशेबाचा थेट फायदा सुट्टीच्या तारखा ठरवताना होतो. द्वादशी ते प्रतिपदा या दिवसांत दुपारची ओहोटी तीन ते पावणेसातच्या दरम्यान येते. त्यातही पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब जातं, आणि ऐन संध्याकाळी रुंद, कडक, ओली वाळू मोकळी मिळते. क्रिकेटला, सायकलला, लांब चालण्याला याहून चांगली जमीन नाही. अष्टमीच्या आसपास गेलात तर ओहोटी भर दुपारी आणि संध्याकाळी सहाला भरती. शिवाय भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, त्या दिवसांत पाणी फारसं आत जातही नाही. वाढत्या वयातल्या मुलांना रात्री उशिरा झोप लागते आणि सकाळी उशिरा जाग येते. त्यांना पहाटे ओढून काढण्यापेक्षा संध्याकाळची ओहोटी गाठणं सोपं. ती झोपलेली असताना आईवडिलांना सकाळचा शांत किनारा मिळतो, तोही आम्ही वरचा लाभ मानतो. सायकल वाळूवर फिरवली की साखळी त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवून तेल लावायला हवं, नाहीतर दोन दिवसांत गंज धरतो.

बाणावलीहून उत्तरेला कोलवा दोन-अडीच किलोमीटरवर आहे. दक्षिणेला वार्का, केळशी करत ही सलग वाळू पार मोबोरपर्यंत जाते, जिथे साळ नदी समुद्राला मिळते. मोठी मुलं हे अंतर कुरकुर न करता चालतात, अट एकच की कुठे वळायचं ते त्यांनी ठरवायचं. वाटेत ओहोळ लागतात. जाताना घोट्याइतकं असलेलं पाणी येताना भरतीमुळे कमरेला लागू शकतं, म्हणून परतीची वेळ आधी काढून निघावं. ओहोळाच्या तोंडाशी पोहू नये, हेही तुमचंच सांगणं.

याच ओल्या वाळूवर तुम्ही मुलांना गुडघ्यांवर बसवून दाखवलेल्या त्या इवल्या गोळ्या! मोहरीहून थोड्या मोठ्या, हजारोंनी पसरलेल्या, मधोमध एक बारीक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या रांगा. नखाएवढे खेकडे ओहोटीच्या वेळी बाहेर येतात, नांगीने वाळू तोंडाशी नेतात, त्यातलं सूक्ष्म शेवाळ आणि अन्नकण गाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतात. सावली पडली की सगळे बिळात. तीन-चार मिनिटं पुतळ्यासारखं स्थिर बसलं की आधी एक, मग दहा, मग सगळी वाळू हलायला लागते. भरती आली की नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला काम नव्याने सुरू. मोठी मुलं असं काही बघायला थांबतील याची आम्हाला अपेक्षा नव्हती. ती थांबतात, फक्त "बघ किती छान" असं कोणी म्हणायचं नाही.

जेलीफिश आणि पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) यांच्याबद्दल थोडक्यात, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या पालकांना लागेल. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी वाळूवरून सरकवत चालावं, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट आधीच निघून जातं. जेलीफिशचा डंख झाला तर चोळायचं नाही, थंड गोडं पाणी ओतायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले धागे चिमट्याने काढायचे आणि मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं ठेवायचा. पाकटाचा काटा लागला तरी गरम पाणीच, पण काटा आत राहिला असेल तर तो स्वतः उपसायचा नाही, डॉक्टरकडे जायचं. श्वास जड झाला किंवा अंगभर सूज आली तर वेळ न घालवता १०८.

वॉटर स्पोर्ट्सला मुलं जाणारच. लाइफ जॅकेटची चाचणी तुम्ही शिकवलीत: सगळी बक्कलं लावायची, मग खांद्याचे पट्टे धरून कोणीतरी वर खेचायचं. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर ते मोठं आहे, बदलून मागायचं. बनाना राइडमध्ये शेवटी मुद्दाम पाण्यात उलटवतात. नको असेल तर बसण्याआधी सांगावं. दर माणशी आहे की फेरीचा, आणि किती मिनिटांचा, हेही आधीच विचारावं. कयाक सकाळी घ्यावा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाणी चुळबुळतं आणि परत येताना हात दुखतात.

तुमच्या सांगण्यावरून मुलं पहाटे उठली ती एकाच गोष्टीसाठी, रापणीसाठी. पहाटे होडीने पसरलेलं लांबच लांब जाळं दोन्ही टोकांनी माणसं किनाऱ्याकडे ओढतात. रापणकारांना विचारून दोरीला हात लावला तर ते नाही म्हणत नाहीत, पण पाऊल त्यांच्या तालावर टाकावं लागतं आणि दोरीचा फेरा पायाभोवती येऊ द्यायचा नाही. जाळ्यात तारले, बांगडे आणि कधी नुसतंच शेवाळ. तिथून परतताना पोदेराच्या, म्हणजे गोव्याच्या पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू ऐकू आला की गरम पोय, म्हणजे तिथला कोंड्याचा पाव, घ्यायची. पंधरा-सोळा वर्षांचं मूल घरच्या सगळ्यांसाठी स्वतःच्या हिशेबाने पोय घेऊन येतं, तेव्हा रिसॉर्टच्या बुफेकडे कोणी बघत नाही.

रात्री पाण्यात गुडघ्यापलीकडे जायचं नाही, मनोरा रिकामा असतो, हा तुमचा नियम मुलांनी कुरकुर न करता पाळला, कारण त्यामागचं कारण त्यांना ठाऊक होतं. काळोख्या रात्री कधीकधी लाट फुटताना निळसर चमकते, ती पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची. ती बघायला अमावास्येजवळचे दिवस बरे, चंद्र असला की काही दिसत नाही. आणि ऑलिव्ह रिडले कासवांचं म्हणाल, तर नोव्हेंबर ते मार्चमध्ये त्यांची अंडी घालायची ठिकाणं आगोंद, गालजीबाग, मोरजी आणि मांद्रे इथे आहेत. वन खात्याने कुंपण घातलेलं घरटं लांबून बघायचं, टॉर्च आणि फ्लॅश बंद. बाकीच्या रात्री व्हरांड्यात मेंढीकोट आणि झब्बू.

खोल्यांबद्दल एकच सूचना, तुमच्यासाठी नाही तर वाचकांसाठी. बारा वर्षांवरच्या मुलाला बहुतेक रिसॉर्ट मोठ्यांचा दर लावतात. जादा पलंग टाकून एकाच खोलीत कोंबण्यापेक्षा मधलं दार असलेल्या दोन खोल्यांचा भाव आधी विचारावा. पुष्कळदा फरक थोडाच निघतो आणि दोन्ही बाजूंना श्वास घ्यायला जागा मिळते. जून ते सप्टेंबर पोहण्याचा विषयच काढू नये.

दादा, गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून ही लाइफगार्ड सेवा आहे. तुम्ही भर उन्हात उभे असता आणि पर्यटक तुमच्याशीच हुज्जत घालतात, हे आम्ही पाहिलंय. दारू पिऊन पाण्यात शिरणाऱ्या मोठ्या माणसांना आवरण्यात तुमचा किती वेळ जातो, तेही पाहिलं. आमच्या मुलांनी आपसात एक नियम केला आहे: शिट्टी वाजली की कारण बाहेर येऊन विचारायचं, पाण्यात उभं राहून नाही. आम्ही मोठ्यांनीही तो घेतला आहे. दुपारच्या पाळीतल्या तुमच्या जोडीदारांना आणि जीपवरच्या मंडळींनाही आमचा नमस्कार सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
बाणावलीला उतरलेली आम्ही पालकमंडळी